मुलांना घेऊन कलासंग्रहालयात: ठाणे आणि नवी मुंबईच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याच्या एका शाळेत २३ वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतल्या मुलांना महिन्यातून एकदा मुंबईला चित्रं, मूर्ती आणि जुन्या वस्तू बघायला न्यायला लागले. पहिल्या फेरीला चार मुलं आणि एक आजोबा होते. आता घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंतच्या आईबाबांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढले. वेळा, तिकिटाचे दर आणि कार्यक्रम बदलत असतात, त्यामुळे ते इथे दिलेले नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी त्या त्या संग्रहालयाकडे चौकशी करा.

एवढ्या लांब कशाला? ठाण्यात किंवा नवी मुंबईत काहीच नाही का?

आहे, पण वेगळ्या प्रकारचं आहे. ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे, तिथे चित्रप्रदर्शनं भरतात. उपवन तलावाकाठी संस्कृती आर्ट फेस्टिव्हल होतो, तेव्हा मांडणशिल्पं, चित्रं आणि गाणंबजावणं सगळं एकत्र बघायला मिळतं. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, तिथे वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर येतात आणि त्यातले बरेच जण समोर बसून काम करतात. मुलांना तयार वस्तूपेक्षा चालणारे हात बघायला जास्त आवडतं, म्हणून नवी मुंबईकरांनी हे चुकवू नये.

आणखी एक जागा मी आवर्जून सांगते. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ यांनी १९८०च्या दशकात ही वसाहत आखली. सात घरं आणि मध्ये एक अंगण, अशा अंगणांचं मिळून पुढचं मोठं अंगण. आता अनेक घरं पाडून वाढवून बांधली गेली आहेत, तरी मूळ आखणी पायी फिरताना कळते. लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा खिडकीतून डोकावायचं नाही, एवढं मुलांना आधी सांगून ठेवा.

पण स्वतःचा मोठा, कायमचा संग्रह असलेलं कलासंग्रहालय म्हणाल, तर त्यासाठी अजून लोकलच पकडावी लागते. एवढ्या मोठ्या दोन शहरांना हे शोभत नाही असं माझं मत आहे. ते मी दरवेळी मुलुंड येईपर्यंत बोलून घेते आणि मग गप्प बसते.

मग पहिल्यांदा कुठे न्यावं?

भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडलं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं, आणि ते योग्यच झालं, कारण हे संग्रहालय उभं राहावं म्हणून झटणाऱ्यांत ते होते. वैद्यकी करणारे, शिलालेख वाचणारे, संस्कृतचा अभ्यास असलेले गृहस्थ. मधल्या काळात इमारतीची फार दुर्दशा झाली होती. ती नीट दुरुस्त करून २००८ मध्ये पुन्हा उघडली. सोनेरी नक्षीचं छत बघून मुलं पहिल्यांदा वरच बघत राहतात. राहू द्या.

पहिल्यांदा इथेच का, तर इमारत आटोपशीर आहे आणि वस्तू मुलांच्या मापाच्या आहेत. वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. कोण काय धंदा करायचं, कोण कसं पागोटं बांधायचं, हे सगळं वीतभर उंचीत. माझ्या गटातली एक सहा वर्षांची मुलगी त्या कपाटासमोर अर्धा तास बसून होती. तिला त्या भातुकलीच्या बाहुल्या वाटल्या आणि कोणाचं लग्न कोणाशी लावायचं हे ती ठरवत होती. संग्रहालय बघण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

बाहेर बागेच्या बाजूला दगडी हत्ती आहे, तो विसरू नका. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४च्या सुमारास इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. मग तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये जोडले. मुलांना जोडाच्या रेघा शोधायला लावा, जाम मजा येते.

आणि खरा काळा घोडाही इथेच राणीच्या बागेत आहे. घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला, १८७९चा पुतळा. १९६५ मध्ये तो फोर्टातून हलवला, तरी तिकडच्या भागाचं नाव काळा घोडा ते तसंच राहिलं. आता तिथे उभा आहे तो २०१७ मध्ये बसवलेला नवा, स्वाराविना घोडा. ‘घोडा गेला तरी नाव कसं राहिलं?’ या प्रश्नावर भायखळा ते कुर्ला सहज निघतं.

राणीच्या बागेतले पेंग्विन आधी की संग्रहालय आधी?

संग्रहालय आधी. पेंग्विन बघून झाले की मुलांचं लक्ष संपलेलं असतं आणि तुमचे पायही. दोन्हीकडची तिकिटं वेगळी असतात. बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी दोन्ही बंद असतं. ही चूक मी स्वतः केली आहे, नऊ मुलांसकट.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लहान मुलांना झेपेल का?

झेपेल, पण पूर्ण नाही. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ असलेलं हे संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. इमारत त्याआधीच तयार होती, पण पहिल्या महायुद्धात तिथे सैनिकांचं रुग्णालय होतं. आराखडा जॉर्ज विटेटचा, घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. आत मूर्ती, लघुचित्रं, शस्त्रं, चिनी-जपानी भांडी, पेंढा भरलेले प्राणी, सगळं आहे. एका दिवसात हे सगळं बघणाऱ्या मोठ्या माणसाचंही डोकं गरगरतं.

म्हणून मुलांसाठी आधीच निवड करून जा. शस्त्रांच्या दालनात अकबराची ढाल आणि छातीचं चिलखत आहे. तेवढ्यावर इतिहासाच्या पुस्तकातला अकबर एकदम अंगापिंडाचा माणूस होतो. ‘तो केवढा होता?’ हा प्रश्न येतोच. चिलखतावरून अंदाज करायला सांगा.

२०१९पासून आवारात मुलांसाठी वेगळं बालसंग्रहालयही आहे, तिथे मुलांना करून बघायला मिळतं. दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर आधी मुख्य इमारतीत दोनच दालनं, मग बालसंग्रहालय. उलट केलंत तर दुसऱ्या इमारतीत पाय टाकायला कोणी तयार होत नाही.

एका फेरीत किती बघायचं? तिकीट काढलंय तर सगळं बघायला नको का?

पाच वस्तू. हा माझा नियम आहे आणि सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात.

पहिल्या वर्षी मीही सगळं दाखवायच्या मागे होते. बारा मुलांना दोन तास सगळे मजले फिरवले. परत येताना गाडीत विचारलं, काय आवडलं? एकाने सांगितलं, लिफ्ट. दुसऱ्याने सांगितलं, थंड पाण्याचा कूलर. तिसरी झोपली होती. त्या दिवसापासून पाचच.

आधी स्वतः एकदा जाऊन पाच वस्तू ठरवा, नाहीतर मुलांनाच निवडू द्या. एका वस्तूसमोर खाली बसा. मिनिटभर कोणी बोलायचं नाही. मग तीन प्रश्न: इथे काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? हे प्रश्न माझे नाहीत. अमेरिकेत अॅबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी संग्रहालयांसाठी ही पद्धत बसवली आणि आज जगभर ती वापरतात. यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा. ‘ही बाई रागावली आहे’ असं मूल म्हणालं की आपण लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. ‘कशावरून?’ विचारलं की ते पुन्हा चित्राकडे वळतं आणि भुवया, बोटं, पदर कुठे आहे हे बघायला लागतं.

पाटी शेवटी वाचा. आधी वाचली की मुलं चित्राकडे बघतच नाहीत, त्यांना उत्तर मिळालेलं असतं. आणि मूल चुकीचं बोललं तर चेहरा बदलू नका. मी शिक्षिका होते, मला हे जमायला तीन वर्षं लागली.

आधुनिक चित्रं नेऊन काय उपयोग? आम्हालाच काही कळत नाही.

ती मुलांना तुमच्यापेक्षा लवकर जमतात, कारण ‘हे काय आहे?’ असं विचारायच्या आधी ती रंगाकडे बघतात. वस्तुसंग्रहालयाच्या समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. मूळचा १९११ सालचा सर कावसजी जहांगीर हॉल, १९९६ पासून संग्रहालय. सोमवारी बंद. जिना चढत अर्धगोल मजले बघत जायचं असल्यामुळे मुलांना ते चढणंच आवडतं.

एकदा एका मोठ्या, नुसत्या करड्या-पिवळ्या रंगाच्या चित्रासमोर एक बाबा म्हणाले, ‘यात काहीच नाही.’ त्यांचा मुलगा म्हणाला, ‘पाऊस थांबल्यावरची खिडकी आहे.’ बाबा पुन्हा बघायला लागले. मी काही बोलले नाही.

थोडी पूर्वतयारी हवी असेल तर मुंबईतल्या १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची गोष्ट सांगा. सूझा, रझा, हुसेन आणि आरा ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हेही ग्रुपच्या सहा संस्थापकांतलेच, पण मराठी घरांत त्यांची नावं कोणी घेत नाही.

जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही म्हणतात, खरं का? आणि तिथे चित्रकाराशी बोललं तर चालतं?

हो, आणि बोललंच पाहिजे. १९५२ सालची ही गॅलरी म्हणजे संग्रहालय नाही. इथे कायमचा संग्रह नसतो, प्रदर्शनं बदलत राहतात. चित्रकार स्वतः बसलेले असतात. दुपारी गर्दी नसते तेव्हा ते कंटाळलेले असतात आणि लहान मुलाने प्रश्न विचारला की खुलतात. ‘हा रंग तुम्ही कसा केला?’ विचारा. ‘हे केवढ्याला?’ असं मुलांनी विचारलं तरी रागावू नका, तोही खराच प्रश्न आहे. बाहेर फुटपाथवर बसणाऱ्या चित्रकारांची कामंही बघा.

कसं जायचं?

ठाण्याहून भायखळा सोपं आहे. स्लो गाडी पकडा, नाहीतर भायखळ्याला थांबणारी फास्ट. पूर्वेला उतरून पायी. नवी मुंबईहून हार्बरने आलात तर कुर्ल्याला गाडी बदला, हार्बर लाइन भायखळ्याला जात नाही. काळा घोड्याला, म्हणजे वस्तुसंग्रहालय, आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीरकडे, जायचं तर दोन्हीकडून सीएसएमटी, तिथून बस किंवा हुतात्मा चौकावरून रमतगमत पायी. आता मेट्रो ३चं हुतात्मा चौक स्टेशनही आहे. पण लहान मुलांना घेऊन जमिनीखालून एक स्टेशन जाण्यापेक्षा फोर्टातून चालणं मला बरं वाटतं, तेवढ्यात चार इमारती बघून होतात.

रविवारी निघणार असाल तर शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघून ठेवा. मी आता फेऱ्या शनिवारीच ठेवते. वाटेत अडकलेल्या पंधरा मुलांना गाणी म्हणवून घेण्याचा अनुभव एकदा पुरे.

संग्रहालयात मुलांसाठी नक्की कोणते कार्यक्रम असतात?

साधारण चार प्रकार दिसतात. मार्गदर्शकाबरोबरची फेरी, त्याला हल्ली सगळे वॉकथ्रू म्हणतात. हाताने काही करायची कार्यशाळा. गोष्ट सांगणं, नाटुकलं किंवा बाहुल्यांचा खेळ. आणि कोणत्याही वेळी येऊन बसता येईल असं एखादं टेबल, कागद आणि रंग ठेवलेलं. या शेवटच्या प्रकाराला नोंदणी लागत नाही, म्हणून लोक त्याला कमी लेखतात. माझ्या अनुभवात मुलं तिथेच सगळ्यात रमतात.

मे महिन्याच्या सुट्टीत कार्यशाळा भरपूर असतात. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, त्याच्या आसपास खास काही असतंच. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो, १९९९ पासून, नऊ दिवस, आणि त्यात मुलांच्या कार्यशाळांचा वेगळा विभाग असतो. पण शनिवार-रविवारी तिथे एवढी गर्दी उसळते की मूल हातातून सुटेल या भीतीने बघणं राहूनच जातं. जायचं तर आठवड्यातल्या दिवशी, दुपारी.

कार्यशाळेची फी वाजवी आहे का, हे कसं ओळखायचं?

फीपेक्षा हे विचारा: मुलं किती असणार, सामान त्यात धरलं आहे का, आईबाबांनी थांबायचं की नाही, आणि मुलं आधी मूळ वस्तू बघणार का. शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा अडखळला तर ती कार्यशाळा सोसायटीच्या क्लबहाउसमध्येही झाली असती. संग्रहालयात जाऊन फक्त टेबलावर बसून यायचं, तर तिकीट कशाला?

शाडूच्या गणपतीची कार्यशाळा गणेशोत्सवाआधी सगळीकडे असते. त्यात साचा देतात की हाताने घडवायला लावतात, ते विचारा. साच्यातला गणपती सुबक होतो, हातचा गणपती वाकडा होतो. वाकडा झाला तरी तोच घरी बसतो आणि आजी त्यालाच मोदक दाखवते.

वारलीची कार्यशाळा लावली आहे. काही आधी सांगून ठेवावं का?

जरूर सांगा, कारण ही आपल्याच मुलखातली कला आहे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर डहाणू, तलासरी, जव्हार हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. तरी ठाण्यातल्या मुलांना वारली म्हणजे कुर्त्यावरची नक्षी वाटते.

मुळात ही घराच्या आतल्या भिंतीवरची चित्रं. शेणामातीने सारवलेली, गेरू दिलेली भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं, आणि टोक चावून मऊ केलेली काडी हाच ब्रश. लग्नात सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायच्या. ‘लिहायच्या’ हाच शब्द आहे. चौकात पालघट देवी असते. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून, त्रिकोण डोंगर आणि झाडांवरून, चौकोन त्या पवित्र जागेचा. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, म्हणून तो स्थिर असला तरी आता हलेल असा वाटतो. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच तर तुम्ही पाहिलाच असेल, गोगलगायीच्या शंखासारखा फिरत गेलेला.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला कागदावर आली आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगाला माहीत झाले. त्यांनी लग्न नसतानाही, रोज, स्वतःच्या मनाने चित्रं काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं मुलांना एकदा दाखवा. एकेक रेघ कापऱ्या हाताने ओढल्यासारखी दिसते आणि सगळं जाळं मात्र जिवंत हलतं.

एवढं सांगून मग कार्यशाळेला पाठवा. तिथे ठोकळ्याने शिक्के मारायला दिले तर मुलं स्वतःच विचारतील.

संग्रहालयातल्या देवाच्या मूर्तीला नमस्कार करायचा का? सासूबाई चप्पल काढून उभ्या राहिल्या.

राहू द्या की. कोणाच्या वाटेत येत नाहीत तोवर काय हरकत आहे? फक्त फूल वाहायचं नाही, कुंकू लावायचं नाही, हात लावायचा नाही. मुलं मात्र विचारतात, ‘इथे देवाची पूजा का करत नाहीत?’ मी सांगते, ही मूर्ती देवळातून निघाली, कधी जमिनीत सापडली, कधी भंगली. आता तिला लोक बघतात, तीही एक सेवाच. हे उत्तर सगळ्यांना पटतं असं नाही. एका आजींनी मला सुनावलं होतं की देव बघायला नसतो, दिसायला असतो. मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

खेळ हवा असेल तर वाहनं शोधायला लावा. उंदीर, मोर, नंदी, गरुड, सिंह. देव ओळखायच्या आधी वाहन ओळखणारी मुलं पटापट तरबेज होतात.

उघडी शिल्पं आणि चित्रं असतात, तिथे काय सांगायचं?

मुलं दोन मिनिटं खिदळतात. तुम्ही हात धरून ओढत नेलंत तर वर्षभर खिदळतील. ‘शरीर नीट घडवणं सगळ्यात कठीण, म्हणून शिल्पकार ते शिकतात’ एवढं पुरतं. आपल्या लेण्यांतल्या यक्षिणीही तशाच आहेत.

काचेत नसलेल्या वस्तूला एकदा हात लावला तर काय बिघडतं?

एकदाने नाही, रोजच्या हजारांनी बिघडतं. बोटांवर घाम, मीठ, तेल असतं. देवळातल्या पितळी कासवाची पाठ कशी चकचकीत आणि गुळगुळीत झालेली असते? तेच. मुलांना हे उदाहरण सांगितलं की ती स्वतःच दुसऱ्याला दटावतात.

लघुचित्रांच्या दालनात अंधार का, हेही विचारलं जातं. उजेडाने कागद आणि रंग फिके पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून कागदावरच्या आणि कापडावरच्या वस्तूंना साधारण ५० लक्सच उजेड देतात, आपल्या बैठकीच्या खोलीपेक्षाही कमी. दोन मिनिटं थांबलं की डोळे सरावतात आणि मग सोन्याची रेघ दिसते. फ्लॅश याच कारणाने नको. बाकी फोटोचे नियम जागेगणिक वेगळे आहेत, दारातच विचारा.

मुलं जमिनीवर बसली तर सुरक्षारक्षक ओरडतात का?

कधी कधी. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आमची मुलं चित्रासमोर मांडी घालून बसली म्हणून सगळ्या गटाला बाहेर काढलं. एक मुलगा रडला. तेव्हापासून मी आत गेल्या गेल्या त्या दालनातल्या रक्षकदादांना सांगते, आम्ही पंधरा मिनिटं इथे बसणार आहोत, चालेल ना? नव्वद टक्के वेळा ते हो म्हणतात आणि एखादी माहितीही देतात, कारण त्या चित्रासोबत दिवसभर तेच असतात.

रेखाटायला पेन नको, शिसपेन्सिलच. खोडरबरही मी नेत नाही.

यामुळे एलिमेंटरी, इंटरमिजिएटला फायदा होतो का?

हा प्रश्न येणार हे ठाऊक असतं, दहावीच्या वाढीव गुणांमुळे. थेट फायदा विचाराल तर वस्तुचित्र आणि नक्षीकामाला होतो. भाऊ दाजी लाडमध्ये मुंबईच्या कलाशाळेत घडलेली जुनी मातीची भांडी आहेत, त्यांवर अजिंठ्याहून घेतलेली नक्षी आहे. एक नक्षी पुन्हा पुन्हा कशी फिरवायची आणि गोल पृष्ठभागावर ती कशी बसवायची, हे क्लासमधल्या झेरॉक्सपेक्षा तिथे लवकर कळतं. पण मुलाला ‘बघ, हे परीक्षेला येतं’ असं म्हणालात की त्याची पेन्सिल तिथेच थबकते.

मराठीत फेरी मिळते का?

मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते, पण मागावी लागते. गट घेऊन जाणार असाल तर चार-आठ दिवस आधी फोन करा आणि मुलांचं वय सांगा. मार्गदर्शक मराठीत अडखळला तर मदत करा. ‘क्युरेट’ला मराठीत काय म्हणायचं, यावर आमच्या गटात मोठी चर्चा झाली होती. एका मुलाने ‘निवडून मांडणं’ सुचवलं.

आजी-आजोबांना जमेल का? गुडघे दुखतात.

आजोबांना नेलंच पाहिजे, ते मुलांपेक्षा जास्त बोलतात. जुनी भांडी, अडकित्ते, पानदान समोर आलं की ‘आमच्या घरी असं होतं’ सुरू होतं आणि मार्गदर्शकाची गरज राहत नाही. लिफ्ट, चाकाची खुर्ची आणि बसायला बाक आहेत का, हे फोनवर विचारून ठेवा. जुन्या इमारतींत जिने उंच असतात. उद्वाहन आज बंद आहे, हे तिथे पोचल्यावर कळायला नको.

माझं मूल एका जागी थांबत नाही. गर्दीत, आवाजात घाबरतं. नेऊ का?

न्या. उघडण्याच्या वेळी, सुट्टी नसलेल्या दिवशी, एकच दालन. आधी घरी त्या इमारतीचे फोटो दाखवा, म्हणजे जागा अनोळखी वाटत नाही. अर्ध्या तासात बाहेर पडायची तयारी ठेवा. आमच्या गटातला एक मुलगा तीन फेऱ्या फक्त दारातल्या फरशीची नक्षी बघत होता. चौथ्या फेरीत आत आला.

डबा न्यायचा का?

न्यायचा, पण दालनात उघडायचा नाही. मोठी पिशवी दारात ठेवायला सांगतात, म्हणून डबा आणि पाणी वेगळ्या लहान पिशवीत ठेवा. बागेत बसून खा, कचरा परत आणा. परतीच्या वाटेवर ठाण्याला मामलेदारची मिसळ, पण ती मोठ्यांसाठी. लहानांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मग दिवसभराचं बघितलेलं पुसलं जातं.

शाळेला किंवा सोसायटीला मुंबईला जाणं शक्य नाही. काही उपाय?

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस आहे, फिरतं संग्रहालय, २०१५ पासून. ती शाळांपर्यंत जाते. मुख्याध्यापकांनी पत्र लिहून विचारायला हरकत नाही.

आणि संग्रहालय घरीही करता येतं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या इमारतीच्या जिन्यात मुलांनी केलं होतं. प्रत्येक घरातून एक जुनी वस्तू आणि तिच्याखाली चार ओळींची पाटी. पितळी स्टोव्ह, एका काकांचा गिरणीतला बिल्ला, घडी मोडलेला नऊवारी शालू, एक रेडिओ. पाट्या मुलांनीच लिहिल्या. बिल्ल्याखाली लिहिलं होतं: ‘हे आजोबा १९८२च्या संपात होते. त्यानंतर ते रिक्षा चालवायला लागले.’ काका रोज संध्याकाळी खाली येऊन ती पाटी वाचायचे.

घरी आल्यावर काय करून घ्यायचं? निबंध?

निबंध अजिबात नको. पाचपैकी एक वस्तू आठवून काढायला सांगा, चार दिवसांनी, त्याच दिवशी नाही. जे विसरलं त्याबद्दल काही बोलू नका. पुढच्या वेळी तीच वस्तू पुन्हा बघायला जा. मूल धावत जाऊन म्हणतं, ‘अरे, शेपूट इकडे होती!’

तुमच्याबरोबर पाठवायचे किती पैसे?

तिकीट ज्याचं त्याने काढायचं, बाकी काही नाही. दहाच मुलं घेते आणि प्रत्येक तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं. येताना मला खिडकीची जागा धरून ठेवा. मुलुंड लागायच्या आत मी झोपलेली असते, ठाणे आलं की उठवा.